सहाव्या भागातला मुडदा

ज्या माणसाले मी पुस्तकात मारलं, त्याच्या तेरवीले मी स्वतः जेवून आलो. पंगतीत तो माझ्याच शेजारी बसला होता आणि वाढणाऱ्याले सांगत होता, "गणपतले वाढ, त्याले लाजू देऊ नको." बुंदी मी दोनदा घेतली. असा मान दुसऱ्या कोण्या लेखकाले मिळाला असेल तर त्यानं मले कळवावं.

संपादकांनी पत्र पाठवलं की दिवाळी अंकासाठी तुमचा साहित्यिक प्रवास लिहा. प्रवास म्हणाल तर मी आयुष्यात एकच केला, रायपुरातल्या घरून उरल्याच्या लोखंडाच्या कारखान्यापर्यंत आणि परत, कंपनीच्या बसनं. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत बसलो होतो, पण मास्तरचं आणि माझं पटलं नाही. चूक मास्तरची होती. तेव्हा प्रवास राहू द्या, मी धंदा सांगतो. रिटायर झाल्यावर मी एकाच बाईवर सात कादंबऱ्या लिहिल्या. रायपुरात मराठी वाचणारी जेवढी घरं उरली आहेत, तेवढ्यांत त्या वाचल्या गेल्या. त्यातल्या सहाव्या भागाची गोष्ट मी आजपर्यंत सगळ्यायले खोटी सांगत आलो. ती आज खरी लिहून टाकतो.

उरल्याले मी रोलिंग मिलमध्ये होतो. भट्टीतून लालभडक लोखंडाचा ठोकळा निघते, दोन रुळांच्या फटीतून जाते. पलीकडचा माणूस त्याले सांडशीनं पकडून पुढच्या फटीत घालते. ती फट आणखी बारीक. असं करत करत त्या ठोकळ्याची लांबच लांब सळई होते. घाई करून एकदम बारीक फटीत घातलं की सळई निसटते आणि सापासारखी हवेत उसळते. त्याले आम्ही मिसरोल म्हणत होतो. मिसरोल झालं की ज्याले पाय आहेत तो पळत होता.

मालिका लिहिणं हेच काम आहे. मोठी गोष्ट एकाच पुस्तकात दाबाल तर उसळून तुमच्याच अंगावर येईल. सात फटींतून काढा, लांब होते, बारीक होते, तुटत नाही. पंचाईत एकच. पहिल्या भागात जे लिहून बसलो, ते सातव्या भागातही तसंच राहाते. वाचक ते विसरत नाही. लेखक विसरते.

माझी बाई म्हणजे गोदावरीबाई. लोहापारा नावाचा एक मोहल्ला मी मनानं वसवला, तिथं तिची खानावळ. शिफ्टवाले लोक तिच्याकडे जेवायले येतात, आणि कोण काय खाऊन राहिला यावरून ती चोर ओळखते. चोरी करून आलेल्या माणसाले भूक जबर लागते, पण तो दुसऱ्यांदा भात मागत नाही, कारण कोणाची नजर आपल्यावर पडू नये असं त्याले वाटते. मीठ कमी असलं तरी बोलत नाही. हे मी कुठं वाचलं नाही, कारखान्याच्या कँटीनमध्ये पाहिलं आहे. तिथं मीठ नेहमीच कमी राहत होतं, त्यामुळे न बोलणारा माणूस लगेच दिसत होता.

आता वामन. वामन म्हणजे माझा जोडीदार. एकाच फटीच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो. एका दिवशी मिसरोल झालं, सळई माझ्याकडे आली आणि मी येड्यासारखा पाहत उभा राहिलो. वामननं कॉलर धरून मले ओढलं. माझी कॉलर फाटली, त्याच्या डाव्या हाताची करंगळी गेली. मग कंपनीनं त्याले मिलवरून काढून गेटवर हजेरी लावायले बसवलं. तिथं तो असा शिस्तीचा झाला की मले दोन मिनिटं उशीर झाला तरी नावापुढे ‘लेट’ मारायचा. मी म्हणायचो, "वामन, बोट माझ्यासाठी गेलं ना तुझं? मग दोन मिनिटं सोडून दे." तो म्हणायचा, "बोट गेलं, घड्याळ शाबूत आहे."

लिहायचं खूळ त्याचंच. बसमध्ये मी रोज एक थाप रचून सांगत होतो. रिटायर झाल्यावर बस बंद झाली, तर मी वामनले फोनवर सांगू लागलो. एका दिवशी तो वैतागला.

"अबे, कान गरम झाला माझा. लिहून काढ ना हे."

"मले लिहिता येते का?"

"मावशी मेली म्हणून सुट्टीचा चार पानांचा अर्ज कोणी दिला होता? मॅनेजर डोळे पुसत सही करून राहिला होता."

"मले मावशी नव्हतीच."

"म्हणूनच म्हणतो. लिही."

मालिका कशी ठरवतात हे लोक विचारतात, म्हणून सांगतो. मी आधी चोर ठरवतो, मग चोरी. सातव्या भागाचा शेवट ठरल्याशिवाय पहिल्याची पहिली ओळ लिहीत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या करायच्या, एका चिठ्ठीवर एक प्रकरण, आणि गॅलरीतल्या कपडे वाळवायच्या दोरीवर चिमट्यांनी लावायच्या. एक दोरी म्हणजे एक भाग. वारा आला की सगळी मालिका फडफडते आणि कुठं गोष्ट सैल आहे ते उभ्या उभ्या दिसते. दुसऱ्या भागाच्या वेळी माझ्या बायकोनं, कुसुमनं, चादरी धुतल्या. संध्याकाळी पाहतो तर दोरीवर चादरी आणि चिठ्ठ्या सगळ्या बादलीत.

"हे काय केलंस?"

"चिमटे कमी पडून राहिले होते. तुमची गोदावरीबाई चादर वाळवून देते का मले?"

बादलीतून जशा हाताले लागल्या तशा चिठ्ठ्या मी परत लावल्या. खून चौथ्या प्रकरणात होता, तो पहिल्यात आला. भाग दोन सगळ्यात जास्त वाचला गेला. कुसुमले मी हे सांगितलं नाही, नाहीतर ती दर महिन्याले चादरी धुतली असती.

पण दोरीवर गोष्ट लटकते, तपशील लटकत नाहीत. त्यासाठी वामन होता. लाल कापडी पाठीचं एक मोठं हजेरीबुक त्यानं घेतलं आणि त्यात माझ्या माणसांची हजेरी लावू लागला. कोण कोणत्या भागात आलं, कोण मेलं, कोणाचा डोळा अधू, कोण चहात साखर घेत नाही. रिवाज असा ठरला की हातानं लिहिलेलं बाड आधी वामनकडे जाईल, तो वाचेल, बुकात नोंदवेल, चुका सांगेल, शेवटच्या पानावर ‘वाचलं’ लिहून सही करेल. त्या सहीशिवाय गोल बाजाराच्या गल्लीतला प्रेसवाला भैया बाड हातात घेत नव्हता. त्याले मराठी येत नाही. तो सही पाहून म्हणायचा, "चाचाजी ने पास कर दिया? तो छापते हैं."

वामनची बायको वारली त्याले बरीच वर्षं झाली. पोट्टा आणि सून दिवसभर ऑफिसात. नातवायले मराठी समजते, पण बोलतात हिंदीत, आणि आजोबाचं बुक पाहून हसतात. माझं बाड आलं की वामन अंघोळ करून, चष्मा पुसून, टेबलाशी ड्यूटीवर बसल्यासारखा बसायचा. मले वाटत होतं तो माझ्यावर उपकार करून राहिला आहे. हे उलटंही असू शकते, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं.

वाचकांचे नमुने किती सांगू. एका गृहस्थानं घरी दुबराज तांदळाचं पोतं आणून टाकलं आणि म्हटलं, "मले पुस्तकात घ्या. पण मोठा माणूस करा, जज वगैरे." मी पुढच्या भागात त्यायले तिसऱ्या पानावर मारलं. रागावून आले. मी म्हटलं, "साहेब, अख्खं पुस्तक तुमच्या मरणावर चालते. जज तर शेवटच्या पानावर येऊन जाते." त्यायले पटलं. दहा प्रती घेऊन गेले, नातेवाइकायले वाटायले.

चौबे कॉलनीत एक मॅडम आहेत, पुण्याकडच्या, इथं मोठ्या ऑफिसात आहेत. त्या लाल पेन घेऊन आल्या. "काका, गोष्ट सुंदर आहे, पण हे ‘मले’, ‘तुले’ सगळीकडे आहे. मी थोडं शुद्ध करून देऊ का?" मी म्हटलं, "द्या. पण गोदावरीबाई शुद्ध बोलू लागली की तिच्या खानावळीत जेवायले कोण येईल?" मॅडमनं पेन पर्समध्ये टाकलं. आता त्याच सगळ्यात आधी प्रत मागतात, आणि परवा फोनवर मले म्हणाल्या, "काका, काहून उशीर होऊन राहिला?" मी ते दाखवून दिलं नाही. बाईमाणूस आहे, लाजेल.

पुस्तकात मी सगळ्यायले घेतलं, तर वामनले सोडणार कसा? गोदावरीबाईच्या खानावळीत एक मुरली फिटर येते. सगळ्या मोहल्ल्याची कुलपं दुरुस्त करते, बडबड्या आहे, आणि बाई मनात काय विचार करून राहिली ते त्याच्याशी बोलते. तो वामन. पण ओळखू येऊ नये म्हणून मी हुशारी केली. वामनची डाव्या हाताची करंगळी गेलेली, तर मुरलीची मी उजव्या हाताची उडवली. पहिला भाग निघाला त्या दिवशी बागेतल्या बाकावरची सगळी रिटायर मंडळी वामनले ‘या मुरलीभाऊ’ म्हणून राहिली होती.

"माझा हात बदलला तर मी बदलतो का बे?" वामन मले म्हणाला. वरून रागावला. पण आठ दिवस तो बागेत दोन चकरा जास्त मारून राहिला होता.

आता बिघडलं कुठं ते ऐका. पाचव्या भागात चोर होता पोस्टमन. सहा महिने मी त्याले असा लपवला होता की कुसुमलेही पत्ता लागला नाही. पुस्तक आलं, बागेतल्या निम्म्या लोकांनी अजून उघडलंही नव्हतं, आणि कोणीतरी वामनले विचारलं, या वेळचं कसं आहे? वामन खुश होऊन म्हणाला, "अरे जबरदस्त! पोस्टमनवर तर कोणाले शकच येत नाही!"

मी तिथंच होतो. बाकावरची मंडळी हसली. मी हसलो नाही.

"तू काहून सांगितलं?"

"अबे, तोंडातून निघून गेलं."

"सहा महिने मी त्या पोस्टमनले झाकून राहिलो, अन् तू एका चहात बाहेर काढला?"

"दोन चहा झाले होते," वामन म्हणाला.

त्या वेळी त्यानं ‘चुकलं’ म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण तोही तसाच, मीही असाच. मी घरी आलो, सहाव्या भागाची दोरी रिकामी केली आणि नवी चिठ्ठी लावली. मुरली मरते.

एवढ्या रागानं मी आयुष्यात काही लिहिलं नाही. कारखान्यामागे राखेचा ढीग आहे, मजूर सकाळी तिथून जातात, आणि राखेतून एक डावा हात बाहेर आलेला, करंगळी नसलेला. बाकी सगळं जळून गेलेलं. लोक म्हणतात, मुरली फिटर गेला. बाईच्या हातातून पळी पडते. पुढची दोन पानं हात कुठं थांबलाच नाही.

रिवाजाप्रमाणे बाड वामनकडे पाठवलं. आम्ही बोलत नव्हतो, म्हणून कुसुम देऊन आली. मले वाटलं आता फोन येईल, शिव्या येतील, मग मी म्हणेन की ठीक आहे, तू माफी माग, मी त्याले नुसता जखमी करतो. आठ दिवसांनी बाड परत आलं. एकही चूक काढलेली नाही. शेवटच्या पानावर ‘वाचलं’, सही. खाली एकच ओळ. "मरण चांगलं जमलं. हात तर हुबेहूब."

मी म्हटलं, मोडला आता हा. आणि बाड प्रेसमध्ये दिलं.

पुस्तक निघालं. त्यानंतर मी बागेत गेलो नाही, किती दिवस गेले ते मोजलेही नाहीत. वामननं मोजले होते. एका सकाळी त्याच्या सुनेचा फोन आला. आवाज दबलेला. "काका, आज दोपहर में बाबूजी की तेरवी है. आप और काकी ज़रूर आइएगा." आणि फोन ठेवला.

मी खुर्चीवर बसलो. पहिला विचार जो आला तो सांगतो, लाज वाटते पण सांगतो. आता माझ्या माणसांची हजेरी कोण लावेल? दुसरा विचार काही आला नाही. समोरची दोरी दिसेनाशी झाली. कुसुम रडत म्हणत होती, "तेरा दिवस झाले आणि आपल्याले कोणी सांगितलंही नाही." तिनं पांढऱ्या काठाचं लुगडं काढलं. आम्ही ऑटो केला. ऑटोत मी तिच्याकडे पाठ करून बाहेर पाहत राहिलो.

दारात वामन उभा. इस्त्रीचा सदरा, केसाले तेल.

"ये गणपत. उशीर केलास. मुडद्याले असं ताटकळत ठेवते का कोणी?"

माझे पायच हलले नाहीत. कुसुम हलली. तिनं हातातल्या पिशवीनं त्याले असं हाणलं की पिशवीतला नारळ घरंगळत अंगणाच्या दुसऱ्या टोकाले गेला. आत बागेतली सगळी मंडळी पंगतीत बसलेली, चौबे कॉलनीतल्या मॅडमही. पाटावर माझा सहावा भाग ठेवलेला, त्याले झेंडूचा हार, समोर उदबत्ती. वामनची सून पदर तोंडात धरून हसत होती.

"बैस," वामन म्हणाला. "मारणाऱ्यानं उपाशी जाऊ नये."

मी बसलो. उठून गेलो असतो तर हरलो असतो. पुऱ्या, वांग्याची भाजी, वडे, मठ्ठा, बुंदी. आणि खरं सांगतो, तो जिवंत आहे हे पाहून मले अशी भूक लागली होती की गोदावरीबाईनं पाहिलं असतं तर मलेच चोर ठरवलं असतं.

जेवण झाल्यावर वामननं ते लाल पाठीचं बुक माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"घेऊन जा. मेलेला माणूस हजेरी लावत नाही."

मले वाटलं गंमत आहे. पण तो हसत नव्हता.

सातवा भाग म्हणजे शेवटचा. त्यातच सगळ्या गाठी सुटायच्या होत्या. मी दोरी बांधली, चिठ्ठ्या लावल्या, लिहायले बसलो, आणि गोदावरीबाई गप्प. ती बोलणार कोणाशी? मुरली नाही. तिच्या समोर मी एक नवीन स्वयंपाकी आणून बसवला, तर ती त्याले फक्त ‘मीठ आण’ म्हणून राहिली होती. चाळीस पानं लिहिली आणि फाडली. वाचक रस्त्यात धरायचे. मुरलीले परत आणा, जुळा भाऊ दाखवा, स्वप्न होतं असं दाखवा. मी म्हणायचो, गणपतच्या पुस्तकात मेलेला माणूस मेला. जुळे भाऊ दुसऱ्यांच्या दुकानात मिळतात. हे मी चारचौघांत एवढ्या वेळा म्हटलं होतं की आता मागं फिरायले जागा नव्हती. आणि वामन बागेत माझ्या समोरच्या बाकावर बसायचा, पेपर उलटा धरून.

असा पावसाळा गेला. एका दुपारी मी लिहून राहिलो होतो, खानावळीतल्या कुत्र्याचं नाव आठवेना. कुसुमले म्हटलं, "त्या बुकात पाह्य." मी स्वतः ते उघडलं नव्हतं, तेरवीच्या दिवसापासून कपाटावर पडलं होतं. ती पाहू लागली. भाग एक, दोन, तीन. मग थांबली.

"अहो, इथं शेवटी काहीतरी लिहिलं आहे."

"वाच."

तिनं वाचलं. वामनच्या त्या गेटवरच्या अक्षरात, ओळीखाली ओळ.

"भाग सहा. मुडद्याचा डावा हात, करंगळी नाही. भाग एक. मुरलीची करंगळी उजव्या हाताची नाही, डाव्या हाताची शाबूत. सबब हा मुडदा मुरलीचा नाही. मुरली हजर. वामन गैरहजर."

कुसुमनं बुक खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोरीकडे पाहिलं.

पहिल्या भागात मी लपवायले हात बदलला होता. सहाव्यात रागाच्या भरात लपवायचं विसरलो. मुरलीले मारायले बसलो आणि लिहिला तो वामनचा हात, जो माझ्या कॉलरीले धरलेला मी पाहिला होता. त्यानं बाड वाचतानाच हे ओळखलं होतं. चूक दाखवणं त्याचं काम होतं, त्यानं दाखवली नाही. बुकात लिहिली, सही केली, आणि तेरवी घातली. आपली स्वतःची. त्याच्या हिशेबानं ती बरोबरच होती.

बुक बगलेत मारून मी गेलो. तो व्हरांड्यात शेंगा फोडत बसला होता.

"काहून आला?"

"मुरलीले घ्यायले."

"तो तर मेला ना? तुझ्या पुस्तकात मेलेला मेला."

"मेलाच नाही तो. डावा हात मी मुद्दाम लिहिला होता. प्लॅनिंग होतं माझं."

"हव," वामन म्हणाला. छत्तीसगढीत हो म्हणायचं असलं की हव म्हणतात. वामन ते म्हणते तेव्हा त्याचा अर्थ नाही असा होते.

"हव काय? खरं सांगून राहिलो."

"हव. पहिल्या भागापासून ठरवलं होतं तू."

"होतंच."

"मग तेरवीले रडत काहून आला होता?"

"ऑटोत धूर होता."

त्यानं चार शेंगा फोडून दाणे माझ्यासमोर ठेवले. "एक सांग गणपत. तो मुडदा लिहिताना तुले कोणाचा हात दिसून राहिला होता?"

मी दाणे खाल्ले. त्यानं माझ्या बगलेतून बुक ओढून घेतलं आणि आत नेऊन टेबलावर ठेवलं.

सातवा भाग तीन महिन्यांत झाला. त्यात गोदावरीबाई रोज मुरलीचं ताट वाढून ठेवते. लोक म्हणतात, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. शेवटी ती हवालदाराले सांगते, "त्यानं माझ्याकडे इतकी वर्षं जेवण केलं. घास घेणारा हात कोणता आणि त्याले बोटं किती, हे मले माहीत नाही का? तो मुडदा माझ्या गिऱ्हाइकाचा नाही." आणि मुरली, जो खऱ्या चोराच्या भीतीनं लपून बसला होता, तो येऊन ताटावर बसते आणि म्हणते, मीठ कमी आहे.

लोक उड्या मारून राहिले. मराठी मंडळाच्या वाचनालयात माझा सत्कार ठेवला. चौबे कॉलनीतल्या मॅडमनं उभं राहून विचारलं, "काका, म्हणजे हे तुम्ही पहिल्या भागातच पेरून ठेवलं होतं?" सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं. मी शाल सावरली आणि म्हटलं, "प्लॅनिंग पाहिजे, मॅडम. प्लॅनिंगशिवाय मालिका होत नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत वामन खोकला.

त्याले दोन वर्षं झाली. जिथं जातो तिथं लोक हेच विचारतात, मी हेच सांगतो, आणि वामन हजर असला की खोकते. एवढा खोकला त्याले भट्टीच्या धुरानंही कधी झाला नव्हता.

म्हणून इथं लिहितो. ते प्लॅनिंग नव्हतं, चूक होती. पकडली वामननं, जपून ठेवली वामननं, आणि मालिका तगली ती त्याच्या त्या बुकामुळे. मी मुरलीले मारायले गेलो आणि मारलं वामनले. ज्यानं मले सळईपुढून ओढलं, त्याच हाताले मी राखेत घातलं. त्यानं त्याबद्दल मले बुंदी वाढली.

हा लेख रिवाजाप्रमाणे काल वामनकडे नेला. त्यानं चष्मा पुसला, टेबलाशी बसला, सगळा वाचला. मग ‘ते प्लॅनिंग नव्हतं, चूक होती’ या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काढून टाक."

"काहून?"

"लोकायले वाटते तू हुशार आहे. वाटू दे ना. या वयात काहून नाव खराब करून घेते?"

"मग दोन वर्षं खोकून काहून राहिला होता?"

"ते तुले ऐकू यावं म्हणून. लोकायले नाही."

"मी काढत नाही."

"काढ म्हणतो ना."

"नाही काढत."

"अबे, किती जिद्दी आहेस तू!"

"तुले आज समजलं का?"

त्यानं लेखाखाली ‘वाचलं’ लिहिलं, सही केली. मग ते लाल पाठीचं बुक जवळ ओढलं, सातव्या भागानंतरचं कोरं पान उघडलं आणि हात आडवा धरून काहीतरी लिहिलं. मले दाखवेना. पण आडवा धरलेला हात डावा होता, आणि जिथं करंगळी पाहिजे तिथून मले सगळं दिसलं.

"गणपत हजर. लेट."